स्मृतिदिन विशेष : अणूतली वीज देशात आणणारे डॉ. होमी भाभा

सिल्लोड : भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा २४ जानेवारी हा स्मृतिदिन. १९६६ साली याच दिवशी विमान अपघातात त्यांचं निधन झालं. शाळेच्या पुस्तकात त्यांचा फोटो आणि चार ओळी असतात. तारापूर, भाभा अणुसंशोधन केंद्र ही नावं गावोगावी ऐकलेली आहेत. पण अणूतून वीज निघते म्हणजे नेमकं काय होतं, भाभांनी त्यासाठी काय केलं आणि त्यांनी देशापुढे मांडलेला हिशोब किती जुळला, हे फारसं कुणी सांगत नाही. रात्री बारानंतर लाईट येते म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला तर हे माहीत असायलाच पाहिजे. कारण भाभांच्या आयुष्याची शेवटची वीस वर्षं एकाच प्रश्नापाठी गेली. एवढ्या मोठ्या आणि गरीब देशाला पुरेल इतकी वीज आणायची कुठून?

सुखवस्तू घर, पण ओढ वेगळीच

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी. आत्या मेहरबाई ही जमशेदजी टाटांची सून, म्हणजे दोराबजी टाटांची पत्नी. घरात पुस्तकांची कपाटं, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, आणि पाहुणे म्हणून येणारी देशातली मोठमोठी माणसं. कारखाने, धरणं, वीज यांच्या गोष्टी या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत होत्या.

मुंबईत शिक्षण झाल्यावर १९२७ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. घरच्यांची इच्छा साधी होती. पोराने इंजिनिअर होऊन यावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं. होमींचं मन मात्र भौतिकशास्त्रात होतं. त्यांनी वडिलांना तसं पत्र लिहून कळवलं. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च करतो. १९३० मध्ये होमी पहिल्या वर्गात पास झाले आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढची नऊ वर्षं त्यांनी युरोपात काढली. अवकाशातून पृथ्वीवर सतत अतिसूक्ष्म कणांचा मारा होत असतो, त्याला विश्वकिरण म्हणतात. एक कण हवेत शिरला की त्यापासून कणांचा पाऊस कसा तयार होतो, याचं गणित भाभांनी हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ मध्ये मांडलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन हे कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचा त्यांचा १९३५ चा अभ्यास आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिशीच्या आत त्यांचं नाव जगात झालं होतं.

बर्लिनमध्ये अणू फुटला

भाभा केंब्रिजला असतानाच, १९३८ च्या डिसेंबरात, जर्मनीत बर्लिनला एक विचित्र गोष्ट घडली. ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमन हे युरेनियमवर न्यूट्रॉन नावाच्या कणांचा मारा करत होते. प्रयोगानंतर त्यांना त्यात बेरियम सापडलं. बेरियम वजनाने युरेनियमच्या जवळपास निम्मं. ते आलं कुठून? लिझ माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी थोड्याच दिवसांत उलगडा केला. युरेनियमच्या अणूचा गाभा चक्क दोन तुकड्यांत फुटला होता. यालाच विखंडन म्हणतात.

तेव्हापासून जगातल्या सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांना एक गोष्ट कळून चुकली. अणूच्या पोटात कोळशापेक्षा लाखो पटींनी जास्त ऊर्जा आहे आणि ती बाहेर काढायची वाट सापडली आहे. भाभांनाही ते कळलं. त्यांचं पुढचं आयुष्य समजून घ्यायचं तर ही ऊर्जा येते कुठून, ते आधी पाहावं लागेल.

फोडलं तरी ऊर्जा, जोडलं तरी ऊर्जा

लोकांचा इथेच गोंधळ होतो. युरेनियमचा अणू फोडला की ऊर्जा मिळते, असं सांगतात. सूर्यावर हायड्रोजनचे अणू जोडले जातात आणि त्यातूनही ऊर्जा मिळते, असंही सांगतात. मग फोडून मिळते की जोडून?

उत्तरासाठी शिवारातला नाला डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंनी उतार आणि मधे नाला. पाऊस इकडच्या माळावर पडला तरी पाणी नाल्याकडे धावतं, तिकडच्या माळावर पडला तरी नाल्याकडेच धावतं. अणूंचंही असंच आहे. एका माळावर हायड्रोजनसारखे हलके अणू, दुसऱ्या माळावर युरेनियमसारखे जड अणू. मधे नाल्याच्या तळाशी लोखंड आणि त्याच्या आसपासचे अणू. लोखंडाच्या अणूचा गाभा सगळ्यात घट्ट बांधलेला असतो. हलके अणू जोडले की ते तळाच्या दिशेने सरकतात. जड अणू फुटले की त्यांचे तुकडेही तळाच्या दिशेनेच सरकतात. पाणी उतारावरून खाली येताना जसा जोर देतं, तशी या सरकण्यात ऊर्जा बाहेर पडते. लोखंड मात्र फोडलं किंवा जोडलं तरी ऊर्जा मिळत नाही, उलट आपल्यालाच घालावी लागते. नाल्याच्या तळातलं पाणी आणखी खाली कुठे जाणार?

हलक्या अणूंच्या बाजूचा उतार जास्त उभा आहे. म्हणून तेवढ्याच वजनाचं इंधन घेतलं तर जोडण्यातून, म्हणजे संमीलनातून, फोडण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा मिळते.

वजनाची घट, तीच ऊर्जा

ही ऊर्जा फुकटची नाही. तिची किंमत वजनात द्यावी लागते. मोंढ्यात एक क्विंटल मका दोन पोत्यांत भरला तर दोन्हींच्या वजनाची बेरीज एक क्विंटलच येते. अणूच्या गाभ्यात तसं होत नाही. एक क्विंटल युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं आणि सगळे तुकडे गोळा करून काट्यावर टाकले, तर साधारण ९० ग्रॅम कमी भरतील. एक क्विंटल हायड्रोजनचा हेलियम झाला तर सुमारे ७०० ग्रॅम कमी भरतील. मोंढ्यातल्या भाषेत सांगायचं तर ही घट. फरक एवढाच की इथली घट कुणी खिशात घालत नाही, तिची सगळी ऊर्जा होते.

आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये हेच सूत्र मांडलं होतं. वजनातली घट गुणिले प्रकाशाचा वेग, पुन्हा गुणिले प्रकाशाचा वेग. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. एवढ्या मोठ्या आकड्याने दोनदा गुणल्यावर एका ग्रॅमच्या घटीतूनही डोंगराएवढी ऊर्जा निघते.

हिशोब असा. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर अडीच हजार टनांहून जास्त चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते. म्हणजे शंभरावर ट्रक कोळसा. या उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची वीज होते, बाकीची वाया जाते. तरी त्या विजेवर पाच एचपीचे एक लाख कृषिपंप दोन दिवस, रोज आठ तास चालतील.

सांगायची गोष्ट ही की अणुवीज केंद्रात वीज काही थेट अणूतून तारेत येत नाही. फुटलेले तुकडे प्रचंड वेगाने उडतात, आजूबाजूच्या अणूंवर आदळतात आणि इंधन तापतं. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. परळीच्या किंवा भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रातही वाफच टर्बाइन फिरवते. फक्त चूल वेगळी. तिथे कोळसा, इथे अणू.

एकाचे दोन, दोनाचे चार

युरेनियमचा एक अणू फुटताना दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांनी पुढचे अणू फोडले की आणखी न्यूट्रॉन. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ही साखळी मोकळी सोडली आणि इंधन अतिशुद्ध असलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत स्फोट होतो. तोच अणुबॉम्ब. अणुभट्टीत मात्र एक अणू फुटल्यावर पुढे नेमका एकच अणू फुटेल, एवढीच मुभा ठेवतात. न्यूट्रॉन गिळणाऱ्या पदार्थांचे दांडे इंधनात खाली-वर करून हे साधतात. चारीचं दार वर केलं की पाणी वाढतं, खाली केलं की कमी होतं, तसं.

आणखी एक गंमत आहे. सुसाट न्यूट्रॉन अणू फोडायला तितका उपयोगाचा नाही, हळू चालणारा बरा. म्हणून भट्टीत पाणी किंवा जड पाणी ठेवतात. गोटी बरोबरीच्या गोटीला लागली की तिचा वेग मरतो, तसा पाण्यातल्या हायड्रोजनला धडकून न्यूट्रॉनचा वेग मरतो.

सुट्टीवर आले आणि इथलेच झाले

आता पुन्हा भाभांकडे. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले. सप्टेंबरात युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. मग ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथे सर सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने भाभांना आपलं सदस्य करून घेतलं. युद्ध संपल्यावर युरोपातली चांगली नोकरी त्यांची वाटच पाहत होती. पण या काही वर्षांत त्यांचं मन बदललं. देशातच जगाच्या तोडीचं काम उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. भौतिकशास्त्राची मोठी संशोधन संस्था काढायला मदत मागितली. दोन-एक दशकांनी अणुऊर्जेपासून वीज तयार होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय होता. तारीख नीट पाहा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सतरा महिने होते. अणूची ताकद सामान्य जगाला माहीतही नव्हती आणि देशात इंग्रजांचं राज्य होतं. तेव्हा हा माणूस अणूपासून वीज करायची तयारी सांगत होता.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बेंगळुरूत, मग त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवर, भाभांच्या नात्यातल्याच एका बंगल्याच्या निम्म्या भागात. स्वातंत्र्य मिळाल्यावर पंडित नेहरूंनी भाभांवर पूर्ण विश्वास टाकला. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये वेगळं अणुऊर्जा खातं निघालं, त्याचे सचिवही तेच. खातं थेट पंतप्रधानांकडे. त्यामुळे फायली टेबलावर अडकल्या नाहीत. पण याची दुसरी बाजूही होती. कामाचा बराचसा भाग गुप्त राहिला आणि त्यावर जाहीर चर्चा फार कमी झाली.

तुर्भ्याच्या डोंगराआड अप्सरा

मुंबईत तुर्भे म्हणजे ट्रॉम्बे इथे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी, अशी जागा भाभांनी निवडली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे देशातली पहिली अणुभट्टी चालू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ती पहिली. इंधन ब्रिटनकडून आलं होतं, भट्टी मात्र आपल्या इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांनी बांधली. पोहण्याच्या तलावासारखी खोल टाकी आणि तळाशी युरेनियम. भट्टी चालू झाली की पाण्यात निळा उजेड दिसतो. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो आणि भट्टीतले काही कण त्याहून वेगाने धावतात, तेव्हा हा उजेड पडतो. तो पाहून नेहरूंनी तिचं नाव अप्सरा ठेवलं.

१९५७ मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा सुरू झाली. देशभरातली हुशार पोरं निवडायची, वर्षभर शिकवायचं आणि कामाला लावायचं. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. अनिल काकोडकर याच शाळेतून तयार झाले. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने चाळीस मेगावॅटची सायरस भट्टी सुरू झाली. तिच्यात वीज होत नव्हती, संशोधन होत होतं आणि प्लुटोनियम तयार होत होतं.

भाभा फक्त आकडेमोडीत रमणारे नव्हते. ते स्वतः चित्रं काढत. कुलाब्याला टाटा संस्थेची नवी इमारत बांधताना त्यांनी बाग आणि भिंतीवरची चित्रं यांकडेही जातीने लक्ष दिलं. बांधकामाच्या आड येणारं झाड तोडण्यापेक्षा मुळासकट उचलून दुसरीकडे लावा, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी लग्न केलं नाही. काम हाच त्यांचा संसार होता.

थोरियमला लागतं विरजण

भाभांची सगळ्यात दूरवरची नजर दिसते ती त्यांच्या तीन टप्प्यांच्या योजनेत. भारतात युरेनियम कमी. त्यातही फुटणारं युरेनियम-२३५ हे हजार ग्रॅममागे जेमतेम सात ग्रॅम. पण केरळ, तमिळनाडूच्या समुद्रकाठच्या वाळूत थोरियम भरपूर. अडचण अशी की थोरियम आपणहून साखळी चालवत नाही. दुधाला जसं विरजण लागतं, तसं थोरियमला लागतं. भट्टीत त्याला न्यूट्रॉन मिळाला तरच त्याचं युरेनियम-२३३ होतं आणि ते मग फुटतं.

म्हणून भाभांनी क्रम लावला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम वापरून वीज करायची, त्यात प्लुटोनियम तयार होईल. दुसऱ्या टप्प्यात त्या प्लुटोनियमवर अशी भट्टी चालवायची की जळालं त्यापेक्षा जास्त इंधन तयार होईल. पेरलं त्याहून जास्त बियाणं घरात यावं तसं. तिसऱ्या टप्प्यात या विरजणावर थोरियम वापरायचं. मग देशाला शेकडो वर्षं इंधनासाठी कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

जिनिव्हात सांगितलेली वीस वर्षं

१९५५ च्या ऑगस्टात स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात संयुक्त राष्ट्रांनी अणूच्या शांततामय वापरावर पहिली मोठी परिषद भरवली. अध्यक्ष होते ४५ वर्षांचे भाभा. सगळी चर्चा विखंडनाची चालली होती. भाभांनी अध्यक्षीय भाषणात संमीलनाचा विषय काढला. हायड्रोजन बॉम्बमध्ये माणसाने संमीलन केलं होतं, पण तो स्फोट होता. तीच ऊर्जा ताब्यात ठेवून वापरायची युक्ती दोन दशकांत सापडेल आणि मग समुद्रात पाणी आहे तोवर जगाला इंधनाची चिंता राहणार नाही, असं भाकीत त्यांनी केलं. समुद्राचं नाव घ्यायचं कारण असं की संमीलनाला लागणारा जड हायड्रोजन समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे.

हे भाकीत चुकलं. वीसच काय, सत्तर वर्षं झाली, तरी संमीलनावर चालणारं वीज केंद्र जगात कुठेही नाही. कारण साधं आहे. दोन्ही गाभ्यांवर धन विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात. जोडायचे तर त्यांना भयंकर वेगाने आदळावं लागतं, म्हणजे भयंकर तापवावं लागतं. सूर्याच्या पोटात तापमान दीड कोटी अंश आहे आणि वरून अफाट दाब आहे. पृथ्वीवर तसा दाब नाही, त्यामुळे दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत जावं लागतं. एवढं तापलेलं इंधन ठेवायचं कशात? कुठलंच भांडं टिकत नाही. म्हणून चुंबकांच्या जोरावर ते अधांतरी धरून ठेवावं लागतं आणि ते सारखं निसटतं.

प्रयत्न थांबलेले नाहीत. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य नावाचं यंत्र आहे. फ्रान्समध्ये इटर नावाचा मोठा प्रकल्प चालू आहे, त्यात भारतही भागीदार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेझरच्या प्रयोगात इंधनावर टाकलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा संमीलनातून मिळाली. पण ते लेझर चालवायला त्याच्या कितीतरी पट वीज लागली. भाभांची दिशा चुकली नव्हती, वेळेचा अंदाज चुकला.

मोंट ब्लांकवरचा अपघात

तारापूरचं काम १९६४ मध्ये सुरू झालं. तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा. अमेरिकी कंपनीच्या दोन भट्ट्या. त्यातून वीज निघालेली पाहणं भाभांच्या नशिबी नव्हतं. ११ जानेवारी १९६६ रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री ताश्कंदमध्ये गेले. २४ जानेवारीला इंदिरा गांधींनी शपथ घेतली. त्याच दिवशी सकाळी एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान युरोपातल्या मोंट ब्लांक पर्वतावर आदळलं. विमानात ११७ जण होते, कुणीच वाचलं नाही. त्यात व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेले भाभा होते. वय फक्त ५६.

या अपघाताबद्दल मोबाईलवर नाना गोष्टी फिरतात. घातपात होता, परदेशी हात होता, असं ठासून सांगितलं जातं. तसा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. फ्रान्समधल्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा की शिखर मागे पडलं अशी वैमानिकाची समजूत झाली आणि विमान खाली उतरू लागलं. तिथल्या हिमनदीतून त्या विमानाचे अवशेष अजूनही अधूनमधून वर येतात. १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं.

शब्द किती पुरा झाला

तारापूरची वीज १९६९ मध्ये सुरू झाली. तिथे पुढे ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. पण १९८७ पर्यंत देशात वीस हजार मेगावॅटच्या घरात अणुवीज क्षमता असेल, असा भाभांचा अंदाज होता. २०२४ मध्ये ती आठ हजार मेगावॅटच्या थोडी पुढे होती. देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा जेमतेम तीन टक्के. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी मदत आटली, हे एक कारण. केंद्र बांधायला लागणारा वेळ आणि पैसा, हे दुसरं. दुसऱ्या टप्प्याची ५०० मेगावॅटची भट्टी तमिळनाडूत कल्पक्कमला उभी राहिली, तिच्या गाभ्याच्या भरणीला मार्च २०२४ मध्ये सुरुवात झाली. थोरियमचा तिसरा टप्पा अजून पुढेच आहे.

या विजेची किंमत काही गावांनी मोजली, हेही सांगितलं पाहिजे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. पुनर्वसनासाठी तिथल्या शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. वापरलेलं इंधन हजारो वर्षं घातक राहतं, ते सांभाळायचं काम पुढच्या पिढ्यांवर आहे. भट्टी बंद केली तरी आतलं इंधन बरेच दिवस तापतच राहतं. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात थंड करणारे पंप बंद पडले आणि भट्ट्या वितळल्या. जैतापूरच्या लोकांच्या विरोधामागे ही भीतीही आहे. भट्टीचा बॉम्ब होत नाही हे खरं, पण म्हणून धोका नाही असं नाही.

जमेची बाजू वेगळ्याच ठिकाणी दिसते. शेतकऱ्यांच्या ओळखीचं टीएयू-१ हे उडदाचं वाण आणि टीएजी-२४ हे भुईमुगाचं वाण तुर्भे आणि अकोल्याच्या कामातून आलं. बियाण्यावर किरणांचा मारा करून त्यात बदल घडवायचे आणि चांगले बदल निवडायचे, ही त्यामागची पद्धत. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणांची प्रक्रिया करणारं केंद्र आहे. त्यासाठी लागणारा कोबाल्ट-६० अणुभट्टीतच तयार होतो. किरण दिल्याने कांदा किरणोत्सारी होत नाही. मुंबईचं टाटा हॉस्पिटल १९६२ मध्ये, भाभांच्याच काळात, अणुऊर्जा खात्याकडे आलं. मराठवाड्यातून परळच्या त्या दवाखान्यात गेलेल्या पेशंटच्या घरात त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि संमीलन? ते आपल्या शिवारात रोज उगवतं. सूर्य दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन वजन घटवून त्याची ऊर्जा करतो. त्यावरच कपाशी वाढते, मका भरतो आणि शेतातला सौर पंप दिवसा पाणी काढतो. पृथ्वीवर संमीलनाची चूल पेटायला किती वर्षं लागतील ते लागोत, वरची चूल पेटलेलीच आहे.

इंग्रजांच्या राज्यात बसून, अणूतली वीज कुणाच्या ध्यानीमनी नसताना, उद्याची माणसं आजच तयार करायला निघालेल्या डॉ. होमी भाभा यांना स्मृतिदिनानिमित्त विनम्र अभिवादन.